मुलांचा स्क्रीन टाइम: तास मोजायच्या आधी काय बघायचं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा दोन वर्षांचा, पाच-सहा शब्दच बोलतो, मोबाइल लावल्याशिवाय घास घेत नाही आणि काढून घेतला की जमिनीवर डोकं आपटतो. मुलगी बारा वर्षांची, रात्री साडेबारापर्यंत रील्स चालू, सकाळी उठता उठत नाही, आणि हल्ली आरशासमोर उभी राहून "मी जाडी दिसते का" असं सारखं विचारते. एवढं सगळं लिहून शेवटी तुम्ही म्हणताय की दोघांना दिवसाला किती तास चालेल तो एक आकडा सांगा.

आकडा सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जे सांगितलं त्यात दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत स्क्रीन नकोच असं आहे, आणि दोन ते चार या वयात दिवसाला एक तासाच्या वर नको, कमी असेल तर अजून चांगलं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकॅडमीने २०१६ मध्ये साधारण असंच म्हटलं, दीड वर्षाखालच्या बाळांना फक्त व्हिडिओ कॉलची सूट दिली. पण याच अकॅडमीने सहा वर्षांपुढच्या मुलांसाठी तासांचा ठराविक आकडा दिलाच नाही. घरात नियम पक्के असू द्या आणि स्क्रीनमुळे झोप, हालचाल या गोष्टींना धक्का लागू देऊ नका, एवढंच सांगितलं. म्हणजे तुमच्या मुलासाठी आकडा आहे, मुलीसाठी नाहीये.

मी वीसेक वर्षं मुलांच्या वाढीचं आणि विकासाचंच काम करतेय, आणि पहिली काही वर्षं मीही आई-बाबांना पहिला प्रश्न "किती तास बघतो?" हाच विचारायचे. आता तो तिसरा-चौथा असतो. कारण दीड तास सांगणारी दोन घरं अगदी वेगळी निघतात, एका घरात आजी शेजारी बसून "अरे बघ, तो पडला, आता काय करेल" असं बोलत बसलेली असते आणि दुसऱ्या घरात मूल एका खोलीत एकटं, आवाज मोठा, एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू. म्हणून मी आता विचारते की स्क्रीन आला तेव्हा दिवसातून काय गेलं? बोलणं गेलं, झोप गेली, पळणं गेलं की नुसतं बसून कंटाळणं गेलं? जे गेलंय तिथेच मुलाचं नुकसान झालेलं असतं आणि उपायही तिथेच सापडतो.

आधी तुमच्या मुलाबद्दल बोलते कारण त्याच्या बाबतीत वेळ घालवून चालणार नाही. दोन वर्षांच्या मुलाकडे साधारण पन्नासेक शब्द आणि दोन शब्द जोडून बोलणं ("बाबा गेले", "अजून दे" असं) अपेक्षित असतं. पाच-सहा शब्द म्हणजे उशीर आहे. "मुलगे उशिरा बोलतात" किंवा "त्याचे काकाही उशिराच बोलायला लागले होते" असं कुणी सांगेल तर ऐकून घ्या आणि तरीही तपासणीची वेळ घ्या. पहिली तपासणी कानांची. तो आवाजाला वळून बघत असला, मोबाइलवरचं गाणं लागलं की धावत येत असला तरीसुद्धा, कारण थोडं कमी ऐकू येणारी मुलं असंच सगळं करतात आणि आपल्याला पत्ता लागत नाही. मग वाचा-भाषा तज्ज्ञ आणि विकासाचं मूल्यमापन. तोवर घरी बघून ठेवा: नावाने हाक मारली की वळतो का, आवडलेली वस्तू बोट करून तुम्हाला दाखवतो का (हवी म्हणून नाही, नुसतं "बघ ना" म्हणून), दाखवताना तुमच्या तोंडाकडे बघतो का, आधी येणारे शब्द बंद झालेत का. याचं उत्तर गडबडीचं वाटलं तर पुढच्या महिन्याची वाट बघू नका.

इथे एक गोष्ट जरा कळकळीने सांगते. "व्हर्च्युअल ऑटिझम" हा शब्द व्हिडिओंमधून आणि फॉरवर्डमधून फार पसरलाय, मोबाइल बंद केला की ऑटिझम (स्वमग्नता) बरा होतो असं त्यात असतं. आम्ही ज्या निदानाच्या याद्या वापरतो त्यांत असा आजारच नाहीये. स्क्रीनमुळे बोलायला उशीर होऊ शकतो, मूल माणसांपासून तुटल्यासारखं वागू शकतं, आणि स्क्रीन कमी केल्यावर पुष्कळ मुलं सुधारतात हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण माझ्याकडे अशीही मुलं येतात ज्यांना खरोखर ऑटिझम असतो आणि आई-बाबांनी सहा-आठ महिने फक्त "मोबाइल बंद केलाय, आता होईल नीट" म्हणून थांबून घालवलेले असतात. ते महिने फार मोलाचे असतात आणि त्यांचं मला सगळ्यात वाईट वाटतं. स्क्रीन बंद करा आणि तपासणीही करा, दोन्ही एकाच आठवड्यात.

आता स्क्रीनमुळे भाषा का अडते ते. लोक म्हणतात, अहो पण त्यात एबीसी शिकवतात, रंग शिकवतात, मग काय वाईट? सिअ‍ॅटलच्या पॅट्रिशिया कुल यांचा २००३ चा प्रयोग मी जवळपास प्रत्येक आई-बाबांना सांगते. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली नऊ महिन्यांची बाळं घेतली. काहींशी मँडरिन (चीनमधली मुख्य भाषा) बोलणारी माणसं समोर बसून बारा वेळा खेळली, त्यांनी पुस्तकं वाचली. दुसऱ्या गटाला तीच माणसं, तेच बोलणं, पण टीव्हीवर. प्रत्यक्ष माणसाबरोबर बसलेली बाळं मँडरिनमधले आवाज ओळखायला शिकली, आणि टीव्हीवाली बाळं ज्यांनी मँडरिन कधी ऐकलंच नाही त्यांच्याइतकीच कोरी राहिली. याचं कारण असं की बाळाने "ऊ" केलं की समोरचं माणूस थांबतं, बघतं, "ऊ? काय हवं?" म्हणतं. ही जी पाळीपाळीने चालणारी देवाणघेवाण आहे त्यातून भाषा उगवते, आणि व्हिडिओ बाळासाठी थांबत नाही. म्हणूनच व्हिडिओ कॉलला सूट आहे. २०१४ च्या एका अभ्यासात दोन ते अडीच वर्षांची मुलं लाइव्ह व्हिडिओ कॉलवरून नवे शब्द शिकली आणि रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवरून नाही शिकली, स्क्रीन दोन्हीकडे होताच पण एकीकडे उत्तर देणारं माणूस होतं. लांब राहणाऱ्या आजोबांशी बोलणं बंद करू नका, ते चांगलं आहे.

आणि फक्त त्याच्या हातातला मोबाइल बघू नका, मागे चालू असलेला टीव्हीही बघा. २००९ मध्ये एक अभ्यास आला होता, त्यात दोन महिने ते चार वर्षांच्या मुलांच्या अंगावर छोटा रेकॉर्डर लावून दिवसभराचा आवाज टिपला. ऐकू येणारा टीव्ही जितका जास्त, तितकं घरच्या मोठ्या माणसांचं बोलणं कमी, दर तासामागे साधारण ७७० शब्द कमी. तो टीव्ही कुणी बघत असेलच असं नाही, नुसता चालू होता. आपल्याला वाटतं घरात आवाज आहे म्हणजे मुलाच्या कानावर भाषा पडतेय, पण होतं उलटं, टीव्ही बोलत असला की आपण गप्प होतो.

यातलाच एक भाग थोडा जड जाईल पण सांगते, तुमचा स्वतःचा फोन. २०१७ च्या एका प्रयोगात आयांनी दोन वर्षांच्या मुलांना दोन नवे शब्द शिकवायचे होते, एक शब्द शिकवताना मधेच फोन यायचा आणि एक शब्द सलग. दोन्ही शब्द सारख्याच वेळा म्हटले गेले, पण फोनने तुटलेला शब्द मुलं शिकली नाहीत. तुम्ही नोकरी करता, फोन लागतोच, त्यामुळे दिवसभर फोन बाजूला ठेवा असं मी म्हणणार नाही. दिवसातले दोन तुकडे ठरवा, पंधरा-वीस मिनिटांचे, आंघोळीचा आणि झोपायच्या आधीचा समजा, तेव्हा फोन दुसऱ्या खोलीत. त्या वेळात तो ज्याच्याकडे बघेल त्याचं नाव घ्या, तो जो आवाज काढेल त्याला उत्तर द्या, आणि मग पाच-सात सेकंद थांबा. थांबणं फार अवघड जातं मोठ्यांना, पण त्याची पाळी त्याला मिळायला हवी.

जेवणाचं बघू. मोबाइल बघत खाणारं मूल काय खातंय, पोट भरलंय का, याकडे त्याचं लक्षच नसतं, तोंड उघडतं आणि आपण घालतो. पोट भरल्याची खूण ओळखायला जे वय असतं तेच हे, आणि तीच खूण बुजते. शिवाय लक्ष नसताना घास अडकण्याची भीती वेगळीच. तर जेवताना स्क्रीन पूर्ण बंद, हळूहळू नाही, एका दिवसात, आणि घरातल्या सगळ्यांचा. त्याला सगळ्यांबरोबर बसवा, थोडं त्याच्या हाताने खाऊ द्या, सांडू द्या, वीस-तीस मिनिटांत ताट उचला. पहिले तीन-चार दिवस कमी खाईल आणि रडणं आधीपेक्षा वाढेल. इथेच बहुतेक घरं हरतात. आधी रडल्यावर मिळत होतं, आता मिळत नाहीये म्हणून तो जास्त जोर लावणार हे ठरलेलं आहे, आणि तुम्ही चार वेळा ठाम राहून पाचव्यांदा दिलात तर तो एवढंच शिकतो की पाच वेळा रडावं लागतं. म्हणून आजी, आजोबा, बाबा सगळे एकत्र बसून आधी ठरवा, एकाने जरी गुपचूप दिला तरी सगळ्यांची मेहनत वाया जाते. तब्येतीने अगदीच बारीक असेल किंवा वजन घसरत असेल तर मात्र सुरू करायच्या आधी वजन करून तुमच्या डॉक्टरांशी बोला.

डोकं आपटतो तेव्हा जवळ बसा, डोक्याखाली हात किंवा उशी घाला, थोडं बोला, आणि त्या क्षणी मोबाइल देऊ नका. शांत करायला मोबाइल देणं ही आजच्या सगळ्या आई-बाबांची सवय आहे आणि मी कुणाला दोष देत नाही, दवाखान्यात सुई टोचताना एखादवेळी दिला तर काही बिघडत नाही. पण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन ते पाच वर्षांच्या ज्या मुलांना शांत करायला वरचेवर मोबाइल दिला जायचा ती पुढच्या महिन्यांत जास्त चिडकी, पटकन भडकणारी दिसली, मुलग्यांमध्ये आणि मुळातच उसळत्या स्वभावाच्या मुलांमध्ये जास्त. मला हे पटतं. रागातून स्वतः खाली यायला शिकणं हे चालायला शिकण्यासारखं आहे, पडत-झडतच येतं, आणि दर वेळी कडेवर उचललं तर पाय कधी टेकणार?

झोपेचं दोघांनाही लागू आहे. अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन तयार होतं आणि झोप येते. लहान मुलांच्या डोळ्यात मोठ्यांपेक्षा जास्त प्रकाश आत जातो. २०१८ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या दहा मुलांना झोपायच्या आधी एक तास झगझगीत प्रकाशात खेळवलं तर मेलाटोनिन जवळजवळ ८८ टक्के खाली आलं आणि दिवा बंद केल्यावर पन्नास मिनिटांनीही बहुतेकांचं वर आलं नव्हतं. मोबाइलचा प्रकाश त्या दिव्याएवढा नसतो हे खरं, पण मोबाइलमध्ये प्रकाशाबरोबर अजून एक गोष्ट येते, "पुढे काय" ही उत्सुकता, आणि मुलीच्या बाबतीत तीच मोठी आहे. बारा वर्षांच्या मुलीला नऊ ते बारा तास झोप लागते. ती साडेबाराला झोपून सहाला उठत असेल तर तिचा राग, तिचं अभ्यासात लक्ष नसणं, तिचं रडवेलं होणं यातलं किती मोबाइलचं आणि किती न मिळालेल्या झोपेचं हे कुणालाच सांगता येणार नाही, म्हणून आधी झोप दुरुस्त करायची आणि मग उरलेलं बघायचं. रात्री ठरलेल्या वेळी घरातले सगळे फोन एकाच ठिकाणी, बेडरूमच्या बाहेर, चार्जिंगला. सगळे म्हणजे तुमचाही आणि बाबांचाही, नाहीतर तिला ती शिक्षा वाटेल. गजराला साधं घड्याळ आणा, "गजर लावलाय" हेच कारण सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं.

डोळ्यांचं तुम्ही विचारलं नाही तरी सांगून टाकते. चष्मा लागण्यात जवळून बघण्याचा वाटा असतो, पण बाहेरच्या उजेडात न जाणं हे तितकंच महत्त्वाचं कारण आहे. चीनमधल्या ग्वांगझूत सहा-सात वर्षांच्या मुलांना शाळेत रोज फक्त ४० मिनिटं जास्त बाहेर नेलं, तीन वर्षांनी त्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना लांबचं कमी दिसायला लागलं होतं, इतर शाळांत ३९.५ टक्के. इथेही तीच गोष्ट, स्क्रीनने बाहेरचा वेळ खाल्ला.

आता मुलगी. आरशाबद्दल तुम्ही जे एका ओळीत लिहून पुढे गेलात तिथे मी थांबले. १९९५ मध्ये फिजी बेटांच्या एका भागात पहिल्यांदा टीव्ही आला. तिथे भरलेलं, धष्टपुष्ट शरीर चांगलं मानायची पद्धत होती. अ‍ॅन बेकर या संशोधक तिथल्या शाळकरी मुलींशी टीव्ही आल्याआल्या बोलल्या आणि परत १९९८ मध्ये दुसऱ्या मुलींशी बोलल्या. खाण्याबद्दल काळजी करावी अशी उत्तरं देणाऱ्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या, आणि वजनासाठी मुद्दाम उलटी काढणारी १९९५ मध्ये एकही नव्हती, तीन वर्षांनी ११.३ टक्के होत्या. तेव्हा घरी एक टीव्ही असायचा आणि सगळे मिळून बघायचे. तुमच्या मुलीच्या हातात असलेली गोष्ट ती कुठल्या चित्रावर दोन सेकंद जास्त थांबली ते लक्षात ठेवते आणि तसंच अजून दाखवते.

लगेच दुसरी बाजूही सांगते नाहीतर तुम्ही घाबरून फोन फोडाल. २०१९ मध्ये एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी लाखो किशोरवयीन मुलांची माहिती तपासली आणि मुलांचं मन किती बरं आहे यातल्या फरकाचा जास्तीत जास्त ०.४ टक्के भाग डिजिटल वापराशी जोडता येतो असं दाखवलं. फार थोडा. मी ते मानते, आणि तरीही माझ्यासमोर बसलेल्या मुलीबद्दल सरासरी मला काही सांगत नाही. एखादीला रील्समधून चित्रकला सापडते, एखादी तिच्यासारखा आजार असलेल्या मैत्रिणी शोधते, आणि एखादी रोज रात्री स्वतःला दुसऱ्यांच्या फिल्टर लावलेल्या चेहऱ्यांशी मोजत बसते. तुमची यातली कुठली हे तुम्हीच शोधायचंय, आणि ते फोन हिसकावून कळत नाही. तिच्या शेजारी बसा आणि म्हणा, दाखव ना तुला काय काय येतं. अर्धा तास काही टीका न करता बघा. मग एखाद्या वेळी विचारा, हे बघून झाल्यावर तुला कसं वाटतं, बरं की वाईट? माझा अनुभव असा की या वयाच्या मुलींना ते नेमकं माहीत असतं, फक्त कुणी विचारलेलं नसतं. ज्या अकाउंटमुळे वाईट वाटतं ती तिनेच तिच्या हाताने बंद करावीत, ऑटोप्ले आणि नोटिफिकेशन दोघींनी मिळून बंद करावेत.

बहुतेक अ‍ॅपवरची तेरा वर्षांची अट मुलांच्या मनाचा विचार करून ठरवलेली नाही, अमेरिकेचा १९९८ चा एक कायदा तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती गोळा करण्याबद्दल आहे, तिथून ती आली. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोशल मीडियासाठी ही मर्यादा सोळा केलीय. तुमची मुलगी बाराची आहे म्हणजे अकाउंटवर वय खोटं टाकलेलं असणार, त्यावर चिडू नका, पण अ‍ॅप तिला मोठी समजून मोठ्यांचं दाखवतंय हे लक्षात घ्या. आणि ती जेवण टाळायला लागली, जेवून लगेच बाथरूममध्ये जायला लागली, पाळी चुकायला लागली, किंवा जगण्याबद्दल निराश बोलली, तर हे सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

मारामारीच्या कार्टूनबद्दल तुमच्या सासूबाईंनी विचारलंय. कॅनडातल्या एका गावात दरीमुळे १९७३ पर्यंत टीव्ही पोचलाच नव्हता, तो आल्यावर दोन वर्षांत तिथल्या मुलांची ढकलाढकली आणि शिवीगाळ वाढलेली दिसली. सेंट हेलेना बेटावर १९९५ मध्ये टीव्ही आला आणि तिथल्या लहान मुलांच्या वागण्यात तशी वाढ दिसली नाही. ते बेट असं की सगळे एकमेकांना ओळखतात आणि मुलांवर मोठ्यांचं लक्ष असतं. सासूबाईंना सांगा, त्या शेजारी बसून "असं मारलं तर त्याला लागेल ना" म्हणतात तेव्हा फार मोठं काम करतात. जाहिरातींचंही तसंच, सात-आठ वर्षांपर्यंत मुलांना समोरचा आपल्याला काही विकतोय हे नीट कळत नाही, स्वीडनने टीव्हीवर बारा वर्षांखालच्या मुलांना उद्देशून जाहिरातींवर बंदी घातलीय ती याचसाठी. मोठीला ते शिकवता येईल, धाकट्याला दाखवूच नका.

तुम्ही शेवटी "मीच चुकले का" असं लिहिलंय. दिवसभर काम करून घरी आलेल्या बाईने दहा मिनिटं श्वास घ्यायला मोबाइल लावून दिला तर तिला मी चुकली म्हणणार नाही, त्या दहा मिनिटांत दुसरं कोण मूल सांभाळणार होतं हे घरातल्यांनी एकमेकांना विचारायला पाहिजे. आता सगळं एकदम करायला जाऊ नका. या आठवड्यात तीनच गोष्टी: मुलाच्या कानांच्या तपासणीची वेळ, जेवताना सगळे स्क्रीन बंद, रात्री सगळे फोन बेडरूमबाहेर. तीन-चार आठवडे एका वहीत रोज मुलाचे नवे शब्द आणि मुलीची झोपायची-उठायची वेळ लिहा, तपासणीला जाताना ती वही बरोबर न्या, डॉक्टरांना तिचा फार उपयोग होतो.